नऊ एकड्यांची शिडी

गेल्या सुटींत आंबिवलीस आमच्या ओटीवर एक लहानसा वाद झाला. आमच्या धाकट्या पुतण्यानें वहीचें एक कोरें पान एकाच गुणाकारांत खर्ची घातलें होतें; आणि "हें परीक्षेंत कोठें येतें?" म्हणून वडीलधारी मंडळी त्याच्यावर रागावली होती. आम्हीं वही पाहिली. नऊ एकडे मांडून, त्या संख्येस तिनेंच गुणून, त्यानें उत्तर काढलें होतें : १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या वाचकांनीं क्षणभर न्याहाळावी. एकापासून नवापर्यंत चढून ती तशीच उतरते. उलट वाचली तरी तीच. कारण साधें आहे. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. म्हणून उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे एकडे जमतात, मधल्यांत नऊ. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा एकड्यांचा वर्ग करावा, तों मधल्या रकान्यांत दहा भरतात, हातचा निघतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी शिडी मोडते!

मधला नऊ सोडून दोन्ही बाजू मिळवाव्या : १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. आणि या ८१ नें मूळ संख्येस निःशेष भाग जातो. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेनें भागली जाणारी संख्या ती 'हर्षद'. हिचे मूळ अवयव तीनच : ३, ३७ व ३३३६६७. विभाजक मात्र ४५. स्वतःस वगळून बाकीच्यांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. म्हणून ही 'न्यून' संख्यांच्या वर्गांत पडते.

'हर्षद' हें नांव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचें. अशा शिडीच्या संख्यांस 'डेम्लो' हें नांवही त्यांनींच दिलें; आणि हें डेम्लो म्हणजे, जेथें त्यांस ही कल्पना सुचली तें जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्टेशन! मुंबईकडे जातांना आंबिवलीहून तें चौथें. कापरेकर १९०५ सालीं डहाणूस जन्मले, ठाण्यास शिकले, १९२९ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून बी. एस्सी. झाले. आमच्या दारावरून जाणारा लोहमार्ग पुढें कसाऱ्याचा घाट चढून देवळालीस जातो. तेथें १९३० पासून १९६२ पर्यंत ते शाळामास्तर होते. वरची पदवी नव्हती. त्यांचें गणित पुष्कळांस पोरखेळ वाटे. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव सर्वदूर झालें. १९८६ सालीं ते वारले. आज ६१७४ ही संख्या त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

परीक्षेचा अभ्यास बुडवावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या मुलास कोणी न सांगतां गुणाकार करावासा वाटला, त्याच्या हातून पेन्सिल काढून घेण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं तो गुणाकार एकवार स्वतः करून पाहावा, एवढेंच सुचवितों.

दुसरे दिवशीं सकाळीं ओटीवर पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा नीट शिवून ठेवलेला दिसला. तो कोणीं ठेवला, हें आम्हीं विचारलें नाहीं.