दुसरा संगणक पासवर्ड मागतो तेव्हा

मैत्रिणींनो, गटाच्या हिशेबाचा फोल्डर एका संगणकावर आणि नोंदी करणारी ताई दुसऱ्यावर, असं घरच्या वायफायवर होतंच. ताई फोल्डर उघडायला जाते, तर विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं. ती आपल्या संगणकाचा पासवर्ड टाकते, ते नाही म्हणतं. अहो, ते तिचा पासवर्ड विचारतच नाही! फोल्डर ज्या संगणकावर आहे, तिथल्या खात्याचं नाव आणि तिथलाच पासवर्ड द्यायचा. रोजचा पिन इथे चालत नाही, तो त्या यंत्रापुरताच असतो. आणि त्या खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज सहसा बाहेरून आत घेत नाही. आधी तिथे पासवर्ड लावा. तरीही अडलं, तर ताईच्या संगणकात जुना, चुकीचा पासवर्ड साठलेला असू शकतो. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो काढून टाका.

कुणी सांगेल, पासवर्डची अटच बंद करा. तसं करू नका. मग सगळ्यांसाठी खुला केलेला फोल्डर त्या वायफायवरच्या कुणालाही, अगदी पाहुण्यांच्या मुलालाही उघडता येतो, आणि त्यात बायकांची कर्जं लिहिलेली असतात. त्यापेक्षा त्या संगणकावर गटासाठी वेगळं खातं काढा आणि फोल्डर फक्त त्याच खात्याला शेअर करा.