गोल्फचे मैदान आणि मामा तलाव

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याजवळ गोल्फचे मैदान आणि पाहुण्यांसाठी निवास आखायचा आहे. ही केवळ गणितासाठी केलेली कल्पना. 18 होलच्या मैदानाला 50 ते 60 हेक्टर जमीन लागते. पण जमिनीआधी पाणी मोजावे.

1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. 20 हेक्टर हिरवळीला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर दिले, तर 10 लाख लिटर झाले. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने हे 18 हजार लोकांचे पाणी! शंभर दिवसांत 10 हेक्टरच्या तलावाची पातळी मीटरभर उतरेल, बाष्पीभवन वेगळेच. इकडचे बरेच तलाव माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव, आणि त्यांच्या खाली धानाच्या बांध्या.

सांडपाणी शुद्ध करून वापरू, असे आराखड्यात हमखास लिहितात. पण 200 पाहुण्यांनी माणशी 135 लिटर वापरले तरी 27 हजार लिटरच होतात. म्हणून रोजचे पाणी फक्त होलभोवतीच्या आणि पहिल्या फटक्याच्या जागांना, सुमारे 2 हेक्टरांना द्यावे. त्यालाही लाखभर लिटर लागतात. बाकी हरळी उन्हाळ्यात पिवळी पडू द्यावी. पावसात ती पुन्हा फुटते. (शेतकरी उपटून थकतो ती हीच!)

मैदान तलावाच्या वरच्या उतारावर नको. खतातले नत्र-स्फुरद पावसाबरोबर तलावात उतरते, शेवाळ माजते. आणि सपाटीकरणात पाण्याची वाट बुजली, तर ते तलाव भरला नाही की मगच कळते.