रक्तदाबाने रुग्णालयात, ही वेळ टाळता आली असती का?

खांडबारा (ता. नवापूर) - डोके जड झाले, चक्कर आली, घरच्यांनी रिक्षात बसवून रुग्णालयात आणले आणि यंत्राने १९० वर ११० असा आकडा दाखविला. ग्रामीण भागातील कोणत्याही रुग्णालयाला हा प्रसंग नवा नाही. रुग्णाला दाखल करून घेतले जाते, दोन दिवसांनी घरी सोडले जाते आणि केसपेपरवर 'उच्च रक्तदाब' एवढीच नोंद उरते. ही भरती टाळता आली असती काय, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा परिसरातील आदिवासी पाड्यांसाठी तो केवळ वैद्यकीय प्रश्न नव्हे. दोन दिवसांची भरती म्हणजे रुग्ण आणि सोबतचा नातेवाईक अशा दोघांची मजुरी बुडणे होय.

या प्रश्नाला मोजमापाचे रूप मिळाले ते अमेरिकेत. न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील लोक काही ठरावीक आजारांसाठी सधन वस्त्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा रुग्णालयात दाखल होतात, असे जॉन बिलिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. जवळच्या दवाखान्यात सातत्याने उपचार मिळाले तर सहसा भरतीची पाळी येऊ नये, असे हे आजार. दमा, मधुमेह यांच्याबरोबर उच्च रक्तदाबाचाही त्यांत समावेश झाला. पुढे २००१ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने त्यांचे अधिकृत निर्देशांक तयार केले. रक्तदाबाच्या निर्देशांकात १८ वर्षांवरील व्यक्तींच्या, मुख्य निदान उच्च रक्तदाब असलेल्या भरती मोजल्या जातात. गर्भवती तसेच दुसऱ्या रुग्णालयातून पाठविलेले रुग्ण वगळले जातात.

हा मापदंड जसाच्या तसा खांडबाऱ्याला लावला तर फसगत होण्याचाच संभव अधिक. भरतीचा आकडा कमी दिसला म्हणजे रक्तदाब आटोक्यात आहे, असे मुळीच नाही. पाड्यावरून वाहनच मिळाले नाही, दुखणे भगताकडे नेले, किंवा सीमा ओलांडून गुजरातेतील व्यारा-सुरतेकडे रुग्ण गेला, तरी येथील आकडा कमीच राहतो. शिवाय वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहून ज्याला अखेर पक्षाघात झाला, त्याची नोंद पक्षाघात म्हणून होते. सर्वांत मोठे अपयश अशा रीतीने हिशेबाबाहेरच राहते. आकड्यापेक्षा एकेक केसपेपर वाचणे येथे अधिक उपयोगाचे, ते यामुळेच.

केसपेपर वाचताना प्रथम पाहावयाचे ते हे, की त्या दिवशी खाटेची गरज होती का? रक्तदाब फार वाढलेला असला तरी छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, दृष्टी अंधूक होणे, मूत्रपिंडावर परिणाम होणे असे काही नसेल, तर बहुतेकांना दाखल करावे लागत नाही. रुग्णाला शांत बसवून पुन्हा मोजणे, गोळ्या सुरू करणे वा वाढविणे आणि काही दिवसांत परत बोलावणे, हा मार्ग असतो. आकडा घाईने खाली आणणे उलट अपायकारक ठरू शकते. क्लीव्हलँड क्लिनिकमधील सुमारे ५८ हजार रुग्णांचा असा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागात १८० वर ११० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आढळलेल्यांपैकी ज्यांना रुग्णालयात धाडले आणि ज्यांना घरी पाठविले, त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत हृदयविकार वा पक्षाघाताच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच अभ्यासातील दुसरी बाब अधिक बोलकी आहे. सहा महिन्यांनंतरही दोन्ही गटांतील सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आलेला नव्हता.

अर्थात क्लीव्हलँडच्या रुग्णाला चार दिवसांनी पुन्हा या म्हणणे आणि पाड्यावरच्या म्हातारीला तेच सांगणे, यांत फरक आहे. रात्री परतीचे वाहन नसेल, घरी एकटीच असेल, तर एक रात्र ठेवून घेणारा डॉक्टर चुकला असे कोण म्हणेल? गर्भवतीची गोष्ट तर पूर्णपणे वेगळी. तिचा रक्तदाब १६० वर ११० पर्यंत गेला तर दाखल करणे अनिवार्यच असते. ती भरती टाळण्याचा प्रयत्न माता आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. भरती कमी करण्याचे लक्ष्य रुग्णालयांवर लादले गेले तर पहिला फटका अशाच रुग्णांना बसेल.

दुसरी तपासणी मागच्या सहा महिन्यांची. रुग्णाला आपला आजार ठाऊक होता का, गोळ्या सुरू होत्या का, सुरू होत्या तर बंद कधी व का पडल्या? खरे उत्तर बहुधा येथेच सापडते. उच्च रक्तदाब दुखत नाही. त्यामुळे बरे वाटू लागताच गोळी सुटते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य झाले आहेत. तरीही प्रवासभाडे आणि बुडालेला रोज यांचा खर्च उरतोच. तेवढे सोसून आलेल्या रुग्णाला साठा संपला म्हणून आठवड्याच्याच गोळ्या मिळाल्या, तर तो पुढच्या आठवड्यात येईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

यावरचा उपाय अज्ञात नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकीच औषधे, ती वाढविण्याचा ठरलेला क्रम, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णांचा पाठपुरावा, एवढीच त्याची मांडणी. मूळ काम औषधसाठ्याचे आणि यादीचे आहे.

नवापूर तालुक्यात मात्र या यादीला एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ३० दिवसांच्या गोळ्या त्यांना महिनाभरच पुरतात आणि यादीत ती 'गैरहजर' ठरतात. परतल्यावर त्यांच्यापैकी कोणी रक्तदाब वाढून दाखल झाला, तर ती भरती टाळता येण्याजोगी होती असेच म्हणावे लागेल. मात्र ती टाळण्याची वेळ दाखल होण्याच्या दिवशी नव्हे, तर मुकादमाची गाडी गावातून निघण्यापूर्वी होती. त्या वेळी हंगामभराच्या गोळ्या आणि औषधांचे नाव व मात्रा लिहिलेले, सीमेपलीकडच्या दवाखान्यातही दाखविता येईल असे कार्ड त्यांच्या हाती पडले होते का, हे केसपेपरच्या मागच्या पानावर नोंदवून ठेवता येते.