व्हिडिओची लांबी का बिघडते? घरच्या घरी संकलन करणाऱ्यांसाठी काही सूचना

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामाचा सण, धर्मभगिनींचे व्रतग्रहण, अंत्यविधी अशा प्रसंगांचे चित्रीकरण आता घरोघरी होऊ लागले आहे. पूर्वी त्यासाठी व्यावसायिक छायाचित्रकारास बोलवावे लागे. आज कुटुंबातील एखादा युवक मोबाइलवर चित्रीकरण करतो आणि घरच्याच संगणकावर त्याचे संकलनही करतो. सन २००० मध्ये विंडोज एमई या प्रणालीबरोबर मूव्ही मेकर हे सॉफ्टवेअर आले आणि सामान्य माणसाच्या घरात संकलनाची सोय झाली. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये ते मागे घेतले. आता क्लिपचॅम्प, शॉटकट, केडेनलाइव्ह, दाविंची रिझॉल्व्ह, तसेच ॲपलच्या संगणकांवर आयमूव्ही अशी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.

साधने बदलली तरी एक तक्रार मात्र बदललेली नाही. संकलन पूर्ण होते, पण प्रोजेक्टची लांबी जुळत नाही. पाऊण तासाचा कार्यक्रम पावणेदोन तासांचा दिसतो आणि शेवटी तासभर नुसता काळा पडदा राहतो. कधी शेवटचा आशीर्वादच गळून पडतो. कधी वेळ बरोबर असते, परंतु धर्मगुरूंचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून ऐकू येतात. सॉफ्टवेअर बिघडले, फाइल खराब झाली, असे समजून अनेक जण सर्व पुसून टाकतात आणि पुन्हा आरंभ करतात. आमची पहिली विनंती हीच की, काहीही पुसू नये.

आमच्या हातून झालेली चूक

ही विनंती आम्ही अनुभवाने करीत आहोत. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त आम्ही एका वयोवृद्ध आजोबांच्या आठवणी चित्रित केल्या होत्या. विहिरीवर रहाट चालत असे त्या काळातील बागायत, सणाच्या आदल्या रात्रीची घराघरांतील लगबग, पायी चालत मिस्सेला जाणारी माणसे, हे सर्व ते आपल्या सामवेदी बोलीत सांगत होते. त्यांचे बोलणे बावीस मिनिटांचे होते. संकलन करून पाहतो तो प्रोजेक्टची लांबी एक तास दहा मिनिटे. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. फाइल बिघडली असे आम्ही ठरवून टाकले, प्रोजेक्ट रद्द केला आणि संगणकावर जागा व्हावी म्हणून तो संपूर्ण फोल्डरच पुसला. मूळ चित्रीकरणाची दुसरी प्रत कार्डावर असेल असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु ते कार्ड दुसऱ्या एका समारंभासाठी आधीच कोरे करण्यात आले होते.

चाचणी म्हणून पूर्वी काढून ठेवलेली सहा मिनिटे तेवढी वाचली. पुन्हा चित्रीकरण करू असे आम्ही म्हणत राहिलो आणि त्याच वर्षी आजोबा देवाघरी गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी पुण्यस्मरणासाठी ती चित्रफीत मागितली, तेव्हा आमच्याजवळ देण्यासाठी ती सहा मिनिटेच होती. प्रोजेक्टमध्ये मुळात काहीच बिघडलेले नव्हते, हे पुढे अशाच दुसऱ्या प्रसंगी उमगले. टाइमलाइनच्या अगदी उजव्या टोकाला गीताचा दोन सेकंदांचा एक तुकडा चुकून जाऊन पडला होता, एवढेच.

लांबी मोजली जाते ती कशी?

टाइमलाइन म्हणजे पडद्याच्या खालच्या भागातील आडवी पट्टी. तिच्यावर चित्रे, आवाज, शीर्षके निरनिराळ्या ओळींत, म्हणजे ट्रॅकवर, मांडलेली असतात. सॉफ्टवेअर लांबी मोजते ती शून्यापासून सर्वांत शेवटी असलेल्या वस्तूच्या टोकापर्यंत. मध्ये रिकामी जागा आहे की नाही, तो तुकडा दिसतो की नाही, त्याचा आवाज बंद आहे की चालू, याच्याशी त्या मोजणीला सहसा कर्तव्य नसते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये बहुधा व्हिडिओ साठवलेला नसतो. कोणती फाइल कोठे आहे आणि तिचा कोणता भाग केव्हा दाखवावयाचा, याची ती केवळ यादी असते. म्हणून प्रोजेक्ट जपला आणि मूळ चित्रीकरण पुसले, तर हाती काहीच उरत नाही. उलट मूळ चित्रीकरण सुरक्षित असेल, तर प्रोजेक्ट शंभर वेळा बिघडला तरी पुन्हा उभा करता येतो.

वेळ वाचतानाही घोटाळा होतो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये वेळ चार जोड्यांत दाखवतात: तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम. ००:४८:२०:१२ याचा अर्थ अठ्ठेचाळीस मिनिटे, वीस सेकंद आणि बारा फ्रेम. शेवटची जोडी सेकंदांची समजली, तर हेच अठ्ठेचाळीस तास वाटू लागतात. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या प्रोजेक्टमध्ये शेवटची जोडी २४ च्या पुढे जात नाही. ही तिची ओळख होय.

लांबी वाढली असेल तर

सर्वप्रथम संपूर्ण टाइमलाइन एका दृष्टिक्षेपात येईल अशी लहान करावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी खास कळ असते. शॉटकटमध्ये शून्याची कळ दाबली की सर्व टाइमलाइन पडद्यावर मावते. त्यानंतर उजव्या टोकाला कोणता तुकडा आहे, हे प्रत्येक ट्रॅकवर पाहावे. लपवलेले व आवाज बंद केलेले ट्रॅकही उघडून पाहावेत. आमच्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात.

पार्श्वसंगीत हे दुसरे कारण. छायाचित्रे चार मिनिटांची आणि त्याखाली घातलेले गीत सहा मिनिटांचे असले, तर शेवटची दोन मिनिटे काळ्या पडद्यावर गीत वाजत राहते. गीत चित्रांच्या टोकापाशी कापून हळूहळू मंद करावे.

तिसरे कारण मधल्या रिकाम्या जागांचे. एखादा भाग कापून टाकल्यावर काही वेळा पुढचा भाग मागे सरकत नाही आणि तेथे पोकळी राहते. पोकळी निवडून ती बंद करण्याची आज्ञा द्यावी. मात्र त्याआधी प्रोजेक्ट नव्या नावाने जतन करावा, कारण एका ट्रॅकवरील पोकळी बंद केली आणि इतर ट्रॅक जागीच राहिले, तर आवाज व चित्र यांची फारकत होते.

लांबी घटली असेल तर

छायाचित्रांच्या मालिकेत हा प्रश्न वारंवार येतो. रौप्यमहोत्सवी विवाहासाठी कोणी ६० छायाचित्रे घेतली आणि प्रत्येकाला ५ सेकंद दिले, तर एकूण ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे होतात. मग दोन चित्रांच्या मध्ये एकेका सेकंदाचे संक्रमण घातले. अशी ५९ संक्रमणे झाली. अनेक सॉफ्टवेअरमध्ये संक्रमणाच्या वेळी दोन चित्रे एकमेकांवर येतात, म्हणून प्रत्येक वेळी एक सेकंद कमी होतो. एकूण उरतात २४१ सेकंद, म्हणजे चार मिनिटे आणि एक सेकंद. नेमके पाच मिनिटांचे गीत निवडले असेल, तर ते जवळजवळ एक मिनिट उरते. यात बिघाड काही नाही, हिशेब तेवढा वेगळा आहे. छायाचित्राचा ठरावीक कालावधी सेटिंगमध्ये बदलला, तर बहुधा तो पुढे घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांनाच लागू होतो; आधीची चित्रे निवडून स्वतंत्रपणे बदलावी लागतात.

टाइमलाइनवर सर्व काही ठीक आहे, पण तयार झालेली फाइल अपुरी आहे, असे असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आरंभ व शेवट दर्शविणाऱ्या खुणा. एखादा भाग तपासून पाहण्यासाठी त्या लावलेल्या असतात आणि काढावयाच्या राहतात. मग तेवढाच भाग बाहेर पडतो. दुसरी, साठवणुकीची जागा. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, मग तो ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने केलेला व्हिडिओ सुमारे ७१ मिनिटांत ही मर्यादा गाठतो. सणाची मिस्सा त्याहून मोठी असते, हे आपण जाणतोच. अशा वेळी फाइल आधी संगणकाच्या हार्ड डिस्कवर तयार करावी आणि नंतर एक्सफॅट पद्धतीच्या ड्राइव्हवर घ्यावी. ड्राइव्हची पद्धत बदलताना त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो, हे विसरू नये.

याच मर्यादेमुळे अनेक कॅमेरे दीर्घ चित्रीकरणाच्या ओळीने दोन-तीन फाइली करतात. त्यांतील पहिलीच फाइल संगणकावर घेतली, तर मिस्सा प्रवचनापाशीच संपते. कार्डावरील सर्व फाइली घेतल्या आहेत ना, हे अनुक्रमांक पाहून ठरवावे.

लांबी बरोबर, पण आवाज मागेपुढे

ही तक्रार सर्वांत त्रासदायक असते. येथे आपली उपासनाच आपल्या मदतीला येते. प्रवेशगीताचा पहिला ठोका आणि परिवर्तनाच्या वेळी वेदीसेवकाने वाजवलेली घंटी, हे दोन क्षण चित्रात दिसतात आणि आवाजातही स्पष्ट ऐकू येतात. या दोन्ही ठिकाणी आवाज चित्रापेक्षा किती मागे किंवा पुढे आहे, ते मोजावे.

दोन्ही ठिकाणी अंतर सारखेच असेल, तर आवाजाचा संपूर्ण पट्टा तेवढा सरकवला की काम होते. अंतर वाढत जात असेल, तर प्रश्न गतीचा आहे आणि नुसते सरकवून तो सुटणार नाही.

गतीच्या प्रश्नाची तीन कारणे विशेष आढळतात. पुष्कळसे मोबाइल सेकंदाला नेमक्या तितक्याच फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी-जास्त झाला की संख्या बदलते. संकलनाचे काही सॉफ्टवेअर ती संख्या स्थिर मानते आणि आवाज हळूहळू सुटू लागतो. असे चित्रीकरण आधी हँडब्रेक या विनामूल्य साधनाने स्थिर फ्रेमसंख्येत रूपांतरित करून मग संकलनास घ्यावे. शॉटकटमध्येही अशा रूपांतराची सोय आहे.

दुसरे कारण फ्रेमसंख्येची गल्लत. आपल्याकडील दूरचित्रवाणीची परंपरागत पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, तर अमेरिकेतील २९.९७ ची आहे. २९.९७ चे चित्रीकरण ३० चे समजले गेले, तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. आकडा लहान दिसतो, परंतु बोलणाऱ्याच्या ओठांवर अर्धा सेकंदही खटकतो. म्हणून आरंभीच चित्रीकरणाची फ्रेमसंख्या पाहून तीच प्रोजेक्टला द्यावी. दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन तयार झाल्यावर ती बदलता येत नाही.

तिसरे कारण आवाजाच्या वेगळ्या यंत्राचे. ध्वनिमुद्रण सेकंदाला ४८,००० नमुन्यांचे असून ते ४४,१०० चे समजले गेले, तर एका तासाचा आवाज ६५ मिनिटे आणि १८ सेकंदांचा होतो. गायनवृंदाचे स्वरही खाली उतरलेले व जाड ऐकू येतात. स्वर बदलला असेल, तर दोष येथेच शोधावा. आकडे जुळूनही तासाभरात किंचित फरक पडत असेल, तर तो दोन यंत्रांच्या घड्याळांतील नैसर्गिक फरक होय. अशा वेळी वाचने, प्रवचन, अर्पणविधी यांच्या मधल्या शांततेच्या जागी आवाज कापून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे जुळवावा. शांततेत केलेला छेद कोणाच्या लक्षात येत नाही.

आरंभ करण्यापूर्वी आणि शेवटी

चित्रीकरण होताच कार्डावरील सर्व फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवाव्यात आणि त्या दोन्ही ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड कोरे करू नये. प्रोजेक्ट दररोज नव्या नावाने जतन करावा. अंतिम फाइल तयार झाल्यावर तिची लांबी टाइमलाइनशी ताडून पाहावी आणि आरंभ, मध्य व शेवट अशी तीन ठिकाणी ती पाहावी. यूट्यूबवर ठेवावयाची असेल, तर पडताळणी न केलेल्या खात्यावरून १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, हेही आधीच माहीत असावे. पडताळणी मोबाइल क्रमांकाद्वारे होते.

आजारपणामुळे मिस्सेला जाऊ न शकलेल्या संत क्लाराने नाताळच्या रात्री अंथरुणावरूनच उपासना पाहिली व ऐकली, अशी परंपरा आहे. त्यामुळेच पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. आपल्या धर्मग्रामांतही अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत आणि परदेशी नोकरीस गेलेली मुले आहेत. आईच्या अंत्यविधीला पोहोचू न शकलेला मुलगा ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहतो. तिच्यात शेवटची प्रार्थना असायला हवी. त्यासाठी घालवलेला अर्धा तास वाया गेला असे कोणी मानू नये.

आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी यंदाच्या सणापूर्वीच चित्रित करून ठेवाव्यात. दोन प्रतींत.