जपानी प्रश्न आणि आपला 'का'



मिल्टनमधल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलं जपानी कार्टून बघतात आणि एके दिवशी जाहीर करतात, "मला जपानी शिकायचंय!" आपलं उत्तर ठरलेलं असतं: "अरे, आधी मराठी तरी नीट बोल." हा लेख असं उत्तर देणाऱ्या आई-बाबांसाठी आहे. ही दोन्ही कामं एकत्र होऊ शकतात आणि त्यासाठी आपल्याला जपानी येत असण्याचीही गरज नाही.

परक्या भाषेत पहिली गरज पडते ती प्रश्नांची. इकडे नवीन आलो तेव्हाचं आठवा. बस कुठे मिळेल, याचे किती पैसे, हे विचारतानाच धांदल उडायची. इंग्रजीत प्रश्न करायचा म्हणजे सगळं वाक्य उलटंपालटं. 'ही गोज'चं 'डझ ही गो' करायचं, त्यात 'गोज'चा शेवटचा आवाज कुठे गेला ते शोधत बसायचं!

जपानीत ही भानगड नाही. आपल्यासारखंच तिथे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि प्रश्न करायचा असेल तर त्याच्यापुढे फक्त 'का' लावायचा. हो, आपलाच 'का'! बघा:

कोरे वा होन् देस्. (हे पुस्तक आहे.)
कोरे वा होन् देस् का? (हे पुस्तक आहे का?)
ओचा ओ नोमिमास्. (चहा पितो.)
ओचा ओ नोमिमास् का? (चहा पिता का?)

एकही शब्द जागेवरून हलला नाही. हिंदीत 'क्या' वाक्याच्या सुरुवातीला येतो, पण मराठी आणि जपानी 'का' शेवटी. दोन्ही भाषांचं नातं मात्र काही नाही. 'का' सारखा निघाला हा निव्वळ योगायोग. जपानी 'का' आपल्यापेक्षा थोडा आखूड उच्चारायचा, एवढंच. जपानीत स्वर लांबवला तर अर्थ बदलतो. 'ओबासान्' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाआसान्' म्हणजे आजी. एखाद्या काकूंना चुकून आजी म्हटलंत तर पुढची जबाबदारी तुमची!

आता प्रश्नाचे शब्द. नानि म्हणजे काय, दारे म्हणजे कोण, दोको म्हणजे कुठे, इत्सु म्हणजे केव्हा, इकुरा म्हणजे केवढ्याला आणि नाझे म्हणजे का, कशासाठी. 'इत्सु'मधला 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल'मधला 'च', फक्त उकार ऱ्हस्व. इंग्रजी बोलणारे 'त्सुनामी'चं 'सुनामी' करून टाकतात. आपल्या मुलांना 'चूल' म्हणता येत असेल तर तो उच्चार घरचाच आहे.

इथे मात्र एक खड्डा आहे. मराठीत 'कुठे' आला की आपण 'का' लावत नाही: "कुठे जाता?" सभ्य जपानीत तो तरीही लागतो: "दोको ए इकिमास् का?" मग आपलं "कुठे जाता का?" हे जपानीत कसं म्हणायचं? 'दोको'लाच आणखी एक 'का' जोडायचा: "दोकोका ए इकिमास् का?" पहिल्याचं उत्तर "दुकानात", दुसऱ्याचं "हो" किंवा "नाही". हा फरक ज्याला मराठीत कळतो त्याला तो जपानीत वेगळा समजावावा लागत नाही.

आणखी दोन सोबती लक्षात ठेवा. "सामुई देस् ने!" म्हणजे "थंडी आहे ना!" इथल्या जानेवारीत रोज वापरा. आणि कुणी काही सांगितलं की आवाज खाली आणत म्हणायचं, "सोऽ देस् का." म्हणजे आपलं "असं का!" तो प्रश्न नाही, नुसता हुंकार आहे.

मानाचंही सांभाळायला हवं. कार्टूनमधली पोरं एकमेकांना 'ओमाए' म्हणतात. तो अगदी सलगीचा किंवा भांडणातला 'तू' आहे. शिक्षकांना तसं म्हणू नये. 'अनाता' म्हणजे 'तुम्ही' असं पुस्तकात असतं, पण समोरच्याचं नाव माहीत असेल तर तेही टाळतात आणि नावाला 'सान्' लावून विचारतात: "तानाका-सान् वा इकिमास् का?" आपण समोर बसलेल्या काकूंनाच "काकू चहा घेणार का?" असं विचारतो, अगदी तसंच.

प्रश्न विचारता येणं किती दूरवर नेतं, याचं एक उदाहरण. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. तिथे प्रश्न विचारायचे ते जपानीतच!

आता घरचा मुद्दा. आपली मुलं मराठीत 'का' गाळू लागली आहेत. "आजी, तू येतेस?" असं नुसता सूर चढवून विचारतात. व्याकरणात ते चूक नाही. पण भारतातल्या फोनवर सूर नीट पोचत नाही आणि आजीला हा प्रश्न आहे की सांगणं आहे तेच कळत नाही. ती नुसती "हो हो" म्हणते आणि बोलणं तिथेच संपतं.

म्हणून एक सोपा गृहपाठ. रोज जेवताना मुलाने एक प्रश्न जपानीत विचारायचा आणि तोच मराठीत, दोन्हीकडे 'का' लावून. उत्तर आपण मराठीत द्यायचं. पुढे हौस टिकली तर जपानीची पाच पायऱ्यांची परीक्षा टोरांटोत डिसेंबरमध्ये देता येते. तिची पहिली पायरी 'एन-पाच'. ती जमेल तेव्हा जमेल. तोवर रविवारी आजीला फोन लागला की पोराला एवढंच विचारू दे: "आजी, जेवलीस का?"

बघा, आजी "हो हो" वर थांबते का!