कॉफीत धुतलेला रोल आणि दोन सोडे



आमचा पहिला रोल कोरा निघाला. रंकाळ्यावर फिरून काढलेले ३६ फोटो गेले आणि पोरं हिरमुसली. कॅमेराच बिघडलाय, असं सगळ्यांचं मत पडलं. पण फिल्मच्या कडेला कारखान्यातच प्रकाशाने आकडे उमटवलेले असतात, आणि ते रोल धुतल्यावरच दिसतात. आमच्या फिल्मवर तेही नव्हते. म्हणजे कॅमेरा निर्दोष, चूक आमच्या भांड्यात!

चूक सोड्याची होती. आम्ही खाण्याचा सोडा घातला होता, हवा होता धुण्याचा.

कॉफीत कृष्णधवल फिल्म धुता येते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉ. स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं. यात कॅफीनचा काही संबंध नाही. काम करतं ते कॅफिक आम्ल. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारकणांना ते इलेक्ट्रॉन देतं, आणि तिथे काळी धातुरूप चांदी तयार होते. पण हे व्हायला द्रावण चांगलंच अल्कधर्मी लागतं. खाण्याचा सोडा तिथे कमी पडतो.

आता गंमत बघा. धुण्याचा सोडा खाण्याच्या सोड्यापासूनच करता येतो. ४३ ग्रॅम खाण्याचा सोडा स्टीलच्या कढईत (ॲल्युमिनियमची नको) मोठ्या माणसाने मंद आचेवर हलवत भाजावा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, उरतो साधारण २७ ग्रॅम. वजन यापेक्षा जास्त भरलं तर अजून भाजा. रासायनिक समीकरण मुलांना तराजूवर दाखवायची अशी संधी नववी-दहावीत क्वचितच मिळते.

अर्धा लिटर पाण्यात आधी हा २७ ग्रॅम सोडा पूर्ण विरघळवा. मग ८ ग्रॅम क जीवनसत्त्वाची पूड घाला, फसफसेल. शेवटी २० ग्रॅम स्वस्तातली इन्स्टंट कॉफी. वास भयंकर येतो, खिडक्या उघड्या ठेवा! हातमोजे घाला, आणि ही भांडी परत स्वयंपाकात नेऊ नका.

फिल्म टाकीत भरताना मात्र मिट्ट अंधार हवा, लाल दिवाही चालत नाही. नंतर २० अंश तापमानाला १५ मिनिटं, दर मिनिटाला टाकी हलवत. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच गरम येतं, तेव्हा टाकी बर्फाच्या पाण्यात धरून तापमान सांभाळा. नाहीतर डिसेंबर-जानेवारीत करा.

मग साध्या पाण्याने धुऊन हायपो. याला घरगुती पर्याय शोधत बसू नका. अर्ध्या लिटरला १२५ ग्रॅम घ्या. फिल्मचा दुधीपणा जायला जितका वेळ लागेल, तितकाच वेळ आणखी ठेवा, आणि भरपूर पाण्याने धुवा.

१९२० मध्ये 'सैरंध्री' काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथेच, कोल्हापुरात, स्वतः बनवला होता. त्यांच्या गावात एक रोल धुणं काय अवघड!

एक राहिलं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ती गटारात ओतू नका. प्लॅस्टिकच्या डब्यात बारीक लोखंडी कीस टाकून ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदीचा काळा गाळ तळाशी बसतो. दहावीची विस्थापन अभिक्रिया आम्ही त्याच डब्यावर शिकवली. दुसऱ्या रोलवर, बरं का, कडेचे आकडे स्पष्ट उमटले होते आणि रंकाळाही.