पोल : डोक्यांची मोजणी आणि मनांचा अंदाज

निवडणूक जवळ आली की ‘ओपिनियन पोल’, ‘एक्झिट पोल’ हे शब्द जिकडेतिकडे ऐकू येऊ लागतात. मराठी कानाला ‘पोल’ म्हटले की पोकळपणा आठवतो, नाहीतर दिव्याचा खांब! म्हणून या शब्दाची थोडी फोड करावी, असे आम्हांस वाटते.

इंग्रजीत ‘पोल’ म्हणजे मुळात डोके. त्यावरून डोकी मोजण्यालाही पोल म्हणू लागले. आपण जनगणनेला शिरगणती म्हणतो, तसेच हे. माणशी बसविलेला कर तो ‘पोल टॅक्स’, म्हणजे डोईपट्टी. या डोईपट्टीपायी इंग्लंडात १३८१ साली शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. पुढे मतदानालाही हाच शब्द लागला. डोके मोजताना त्यावरचे पागोटे पाहावयाचे नसते; लोकशाहीचे सारे मर्म या एका शब्दात आले.

चाचणीचा ‘पोल’ मात्र निराळा. येथे सर्वांना न विचारता थोड्यांना विचारतात. शितावरून भाताची परीक्षा! परंतु शिते भांडे ढवळून घ्यावी लागतात. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोट पत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यावरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टने जिंकली. नावे घेतली होती टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीत पोळलेला गरीब त्यांत पुरेसा नव्हताच. शिवाय पत्रिका परत पाठविणारे थोडे आणि न पाठविणारे पुष्कळ. त्याच वेळी गॅलप यांनी कितीतरी थोड्यांना विचारून रूझवेल्टचा विजय अचूक सांगितला. पण १९४८ साली तेही चुकले. विजयी झाले ट्रूमन.

‘ओपिनियन पोल’ मतदानापूर्वी घेतात. ‘एक्झिट पोल’ मत देऊन बाहेर पडणाऱ्यास विचारून. पहिल्याचा कल दुसऱ्या मतदाराच्या मनावर पडू नये म्हणून, सर्व टप्पे संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. तरीही २०२४ साली बहुतेक अंदाजांनी सत्ताधारी आघाडीला दिलेल्या जागा प्रत्यक्ष निकालाहून पुष्कळ अधिक निघाल्या.

तेव्हा अंदाज वाचावा, पण विचारावे : किती जणांना, कोणाला, केव्हा विचारले? आणि ‘निकाल ठरलाच आहे’ म्हणून घरी मात्र बसू नये. अंदाजात आपले डोके कदाचित धरलेलेच नसते. मतपेटीत ते एक म्हणून मोजले जाते.